कोयत्याची उचल आणि यंत्राचें अनुदान

दसरा-दिवाळी उलटली न उलटली तोंच बीड जिल्ह्यांतील व शेजारच्या पाथर्डी-शेवगांव बाजूच्या गांवांच्या वेशीवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. त्यांत ताडपत्री, चार भांडीं, बाजरीच्या पिठाचें पोतें, एखादी शेळी, कोंबड्यांचें डालगें आणि त्या सर्वांच्या वर माणसें चढतात. दोन दिवसांत गांव अर्धें होतें. मागें राहतात ते म्हातारे, आणि म्हाताऱ्यांच्या गळ्यांत पडलेलीं कांहीं नातवंडें. शाळेच्या हजेरीपटावर त्या दिवसापासून ज्या गैरहजेरीच्या खुणा पडूं लागतात त्या चैत्रापर्यंत थांबत नाहींत. आम्ही गेलीं वीस वर्षें ह्या खुणा करीत आलों आहों. तेव्हां या विषयावर चार शब्द लिहिण्याचा आमचा अधिकार कोणी नाकारणार नाहीं, अशी आशा आहे.

गेल्या कांहीं वर्षांत ऊंसतोडकऱ्यांच्या बाबतींत दोन गोष्टी जवळजवळ पाठोपाठ घडल्या. २०२३ सालीं सरकारनें ऊंसतोडणीच्या ९०० यंत्रांस अनुदान देण्याचें ठरविलें. यंत्राच्या किमतीच्या शेंकडा ४० किंवा ३५ लाख रुपये, यांत जें कमी असेल तें. आणि २०२४ च्या जानेवारींत साखर संघ व तोडणी मजुरांच्या संघटना यांचा करार होऊन तोडणीच्या दरांत शेंकडा ३४ वाढ झाली. दरवाढीची बातमी आमच्या लोकांनीं आनंदानें ऐकली, फटाकेही वाजविले. यंत्रांची बातमी मात्र कोणी वाचलीच नाहीं. ज्यानें एका हातानें दिलें त्याचा दुसरा हात काय करीत आहे, हें पाहण्याची संवय आपल्या समाजास लागली पाहिजे, म्हणून हा लेख.

आधीं मजुरीचा हिशेब घेऊं. नवऱ्या-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. नव्या करारानें ऊंस तोडून, मोळ्या बांधून, गाडींत भरून देण्याचा दर टनास सुमारें ३६६ रुपये झाला. गाडीच्या प्रकाराप्रमाणें तो कमीजास्त होतो. ऊंस चांगला असला व फडांत चिखल नसला तर एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो. म्हणजे जोडीस ७३२, माणशीं ३६६ रुपये. आतां हा दिवस किती तासांचा? पहांटे चारला चूल पेटते, उजाडण्याच्या आंत फड गांठावा लागतो, आणि गाडी रात्रीं दहाला आली तर ती दहाला भरावी लागते. आपण बाराच तास धरूं. तासाला साडेतीस रुपये पडले. २०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीचा दर दिवसास २९७ रुपये होता, आणि तो दिवस मधल्या तासाभराच्या विसाव्यासह आठ तासांचा. तासाला सदतीस रुपये झाले. म्हणजे आपल्याच शिवारांत माती उपसणारास, घर सोडून दोनतीनशें किलोमीटर गेलेल्या तोडकऱ्यापेक्षां तासामागें साडेसहा रुपये अधिक पडत होते!

मग मनुष्य जातो कां? शहरांतील शहाणे म्हणतात, अडाणी आहे, हिशेब कळत नाहीं. आम्ही म्हणतों, हिशेब त्यास तुमच्यापेक्षां अधिक कळतो. गांवचें काम मागितलें तेव्हां निघालें नाहीं. निघालें तर पैसा वेळेवर आला नाहीं. आणि आला तो पंधरवड्याचा तुकडा. मुकादम मात्र ऐन पेरणीच्या तोंडावर घरीं येतो आणि पन्नास हजार, लाख अशी रक्कम एकदम हातावर ठेवतो. मुलीचें लग्न, बी-बियाणें, आईचें आजारपण, जुन्या सावकाराचें देणें, यांतलें एकही काम पंधरवड्याच्या तुकड्यांनीं भागत नाहीं. बँक दारांत उभें करीत नाहीं, कारण तारण ठेवण्यास जमीन नाहीं किंवा आहे ती आधींच अडकलेली. मुकादमास जमीन लागत नाहीं. तो माणूसच तारण घेतो.

उचलीचें सर्व मर्म यांत आहे. बैलबाजारांत दर पटला नाहीं तर शेतकरी बैलाचा कासरा धरून परत फिरतो. ही परत फिरण्याची मोकळीक असते म्हणूनच त्या जागेस बाजार म्हणावयाचें. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘मजुरीचा बाजार’ असा शब्द असतो. परंतु ज्यानें जूनमध्यें पैसे घेऊन खर्च केले त्यास नोव्हेंबरांत परत फिरतां येत नाहीं. त्याचा दर, त्याची जागा, त्याचे तास, सर्व ठरवून झालेलें असतें. हंगामाच्या शेवटीं उचल फिटली नाहीं तर बाकी पुढल्या सालच्या खात्यावर चढते आणि पुढला हंगाम आधींच विकला जातो. अगाऊ घेतलेल्या पैशापायीं माणसास अडकवून राबविण्यास १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानें बंदी केली आहे. कायदा चांगला आहे. आमच्या तालुक्यांत त्याची प्रत कोणाच्या कचेरींत आहे तें मात्र आम्हांस शोधावें लागेल.

आणखी एक गोष्ट. माल घेणारा एकच असला म्हणजे भाव तो म्हणेल तो, हें आपणां शेतकऱ्यांस कोणी शिकवावयास नको. मजुरीचेंही तसेंच आहे. इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ बाई जोन रॉबिन्सन यांनीं १९३३ सालच्या आपल्या ग्रंथांत हें शास्त्र मांडलें, कीं मजूर घेणारा एकटा असला तर तो मजुरी तिच्या खऱ्या मोलाच्या खालीं दाबून ठेवूं शकतो. तोडणीचा दर सर्व कारखान्यांचा मिळून एकच ठरतो. मजुरास दुसरें गिऱ्हाईक नाहीं. आतां दर वाढला कीं लगेच हाकाटी होते, ‘मजुरी वाढली, आतां काम जाईल.’ अमेरिकेंत १९९२ च्या एप्रिलांत न्यू जर्सी प्रांतानें किमान मजुरी तासाला सव्वाचार डॉलरांवरून पांच डॉलर पांच सेंट केली. शेजारच्या पेनसिल्व्हेनियांत ती होती तेवढीच राहिली. डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर या दोघांनीं दोन्हींकडील मिळून ४१० खाद्यगृहांची आधीं व मागाहून पाहणी केली. मजुरी वाढल्यामुळें माणसें कमी झाल्याचें दिसलें नाहीं. १९९४ सालीं हें प्रसिद्ध झालें तेव्हां मोठा गदारोळ उठला. पुढें २०२१ सालीं कार्ड यांस नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणून मजुरी वाढली कीं काम बुडालें, हा सिद्धान्त वाटतो तितका पक्का नाहीं. काम बुडतें तें कशानें, तें पुढें पाहूं.

गांवांत मजूर असतां कारखाना परमुलखाचा मजूर कां आणतो, हा प्रश्न पुष्कळांस पडतो. हॉलंडचे समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन हे दक्षिण गुजरातेंत वर्षानुवर्षें राहून हिंडून हेंच पाहत होते. बारडोलीच्या बाजूच्या साखर कारखान्यांवर त्यांनीं १९७८ सालीं लिहिलें. तेथें तोडणीस आमच्या खानदेशांतून माणसें नेत, आणि तेथलेच हळपति मजूर काम नाहीं म्हणून घरीं बसत. कारण सरळ आहे. गांवच्या मजुरास गांवांत घर असतें, सोयरे असतात, रात्रीं बोलावलें तर तो येत नाहीं, आजारी पडला तर घरीं निजतो. परमुलखाच्या मजुरास फडाशेजारच्या कोपीवांचून जागा नाहीं, ओळख नाहीं, भाषा नाहीं. मध्यरात्रीं उठविलें तरी उठतो. जो दुबळा तो पसंत पडतो.

येथें आम्हांस एक कटु गोष्ट लिहिणें भाग आहे. पूर्वींच्या पिढीला शेटजी-भटजींकडे बोट दाखवितां येत होतें. १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांनीं शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला, पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनीं आपली विद्या त्या कामास लाविली. हा शेतकरी समाजाच्या अभिमानाचा दिवस होता व आहे. त्या कारखान्यांनीं बहुजनांच्या मुलांस शाळा दिल्या, दवाखाने दिले. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्याच्या कोरड्या मुलखांतून त्याच कारखान्यांकडे माणसांचे लोंढे वाहूं लागले ते आजपर्यंत. आतां कारखान्याचा अध्यक्ष आपला, संचालक आपले, वाहतुकीचा ठेकेदार आपला, मुकादमही बहुधा आपल्याच गांवचा, कधीं भावकींतला. कोपींत राहणाराही आपलाच. मग जाब कोणास विचारावा? आम्ही म्हणतों, आपलेपणामुळें जाब माफ होत नाहीं; उलट तो आधीं विचारला पाहिजे.

बायकांची हकीकत लिहितांना हात थबकतो. कोयता दोघांचा असतो, पण हिशेबाच्या वहींत नांव एकाचें. स्त्री तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढते, आणि मग चुलीपाशीं बसते. मजुरी नवऱ्याच्या खात्यावर. एक दिवस अंग टाकलें तर खाडा, आणि खाड्याचा दंड. २०१९ सालीं विधान परिषदेच्या तेव्हांच्या उपसभापति नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढें बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांत १३,८६१ जणींचें गर्भाशय काढून टाकलेलें आढळलें. सहा जणींत एक! खाडा नको, दुखणें नको, डॉक्टर म्हणतो काढून टाका, मुकादम त्या शस्त्रक्रियेसही उचल देतो, मग ती उचल फेडण्यास पुन्हा फड. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं झटून १८९० सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली. त्या गोष्टीस सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला. कोयत्यास अजून रविवार उगवलेला नाहीं.

मुलींचें दुःख याच्याच पोटांत आहे. अर्ध्या कोयत्यास कामही दुय्यम व उचलही थोडी, जोडीस जास्त. म्हणून मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला कीं त्यास जोडीदारीण पाहतात, आणि ती जोडीदारीण आमच्या सातवी-आठवीच्या वर्गांतून उठून जाते. कांहीं वर्षांमागें अशाच एका हुशार मुलीचें लग्न ठरल्याचें कळलें तेव्हां आम्ही तिच्या बापाकडे गेलों. कायदा सांगितला, शिक्षणाचे फायदे सांगितले, थोडें रागावलोंही. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाला, “गुरुजी, तुमचं खोटं न्हाई. पर आम्ही दोघं सहा महिनं फडावर. म्हातारी मागल्या साली गेली. ही एकटी पोर कुनापाशी ठिवू? तुमच्याकडं ठिवून घेता का?” आम्ही घरीं परत आलों. आमच्या घरीं तेव्हां दोन खोल्या व सहा माणसें होतीं. ती मुलगी दिवाळीनंतर ट्रकमध्यें बसून गेली. त्या बापाच्या प्रश्नास आम्ही त्या दिवशीं उत्तर देऊं शकलों नाहीं, हें आम्ही येथें कबूल करतों.

आतां यंत्राकडे वळूं. यंत्र आलें कीं हे सर्व हाल संपतील, असें कित्येक सुशिक्षित म्हणतात. अशा कामापासून माणसाची सुटका व्हावी हें आम्हांसही वाटतें. कोयत्याची पूजा आम्हांस करावयाची नाहीं. पण सुटका आणि हकालपट्टी यांत फरक आहे. तो फरक कसा पडतो, हें अमेरिकेंतील टोमॅटोच्या गोष्टीवरून चांगलें दिसतें.

कॅलिफोर्निया प्रांतांत शेतीच्या कामास शेजारच्या मेक्सिको देशांतून हंगामी मजूर आणीत. १९४२ सालीं दोन सरकारांत करार होऊन ही पद्धति सुरू झाली. त्या मजुरांस ‘ब्रासेरो’ म्हणत. पुढें त्यांची संख्या वर्षाला चारपांच लाखांच्या घरांत गेली. बागाईतदार म्हणत, हे नसले तर टोमॅटोचा धंदाच बुडेल. देशी मजुरांचे कैवारी म्हणत, हे गेले तर आमच्या माणसांस चांगली मजुरी मिळेल. १९६४ च्या ३१ डिसेंबरास सरकारनें करार बंद केला. काय झालें? दोघेही चुकले. धंदा बुडाला नाहीं, आणि मजुरीही वाढली नाहीं. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुईस व हॅना पोस्टेल यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत त्या काळचे प्रांतोप्रांतींचे आंकडे तपासले. जेथून पुष्कळ मेक्सिकन गेले तेथें मजुरी जेवढी वाढली, तेवढीच जेथें ते मुळींच नव्हते तेथेंही वाढली होती. बागाईतदारांनीं गेलेल्या माणसांच्या जागीं माणसें घेतलींच नाहींत. जेथें यंत्र मिळालें तेथें यंत्र आणलें. जेथें मिळालें नाहीं तेथें तें पीक कमी केलें.

टोमॅटोचें यंत्र तयारच होतें. डेव्हिस येथील सरकारी विद्यापीठांत एका खात्यानें यंत्र बनविलें व दुसऱ्यानें त्या यंत्राचा मार सोसणारा, जाड सालीचा, एकदम पिकणारा टोमॅटो. १९६३ सालीं कारखान्यास जाणाऱ्या टोमॅटोंपैकीं शेंकडा एक-दीडच यंत्रानें निघत होते. १९६८ पर्यंत शेंकडा नव्वदांहून अधिक निघूं लागले. पांच वर्षांत काम गेलें! सुमारें ३२ हजार मजुरांची रोजी गेल्याचा अंदाज पुढें करण्यांत आला. आणि वाचकहो, पुढची गोष्ट केवळ मजुरांची नाहीं, ती आपणां लहान शेतकऱ्यांची आहे, म्हणून लक्ष द्या. यंत्राची किंमत पन्नास हजार डॉलरांच्या घरांत. तें ज्यास परवडलें तो टिकला. साठच्या सुमारास चार हजार शेतकरी टोमॅटो पिकवीत होते. १९७३ सालीं ते सहाशें उरले. टोमॅटो मात्र पूर्वींपेक्षां जास्त निघाला.

१९७० सालीं अँड्र्यू श्मिट्झ व डेव्हिड सेक्लर या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं या यंत्राचा जमाखर्च मांडला. संशोधनावर झालेल्या खर्चाच्या मानानें देशाचा लाभ प्रचंड, कांहीं पटींनीं अधिक. परंतु त्यांनीं तेथेंच लेखणी ठेविली नाहीं. त्यांनीं लिहिलें कीं ज्यांचें काम गेलें त्या मजुरांस गमावलेल्या मजुरीची भरपाई दिली असती तरीही देशाच्या पदरीं भरपूर नफा उरला असता. म्हणजे भरपाई देणें शक्य होतें, परवडत होतें. दिली मात्र कोणी नाहीं. शेवटीं १९७९ सालीं शेतमजुरांच्या बाजूच्या वकिलांनीं विद्यापीठावर खटला भरला, कीं सर्वांच्या करांतून चालणारें विद्यापीठ मूठभर बड्या बागाईतदारांचेंच काम कां करतें? खटला दहा वर्षें चालला आणि विद्यापीठाच्या बाजूनें सुटला. तोंवर मजूर कोठल्या कोठें पांगले होते.

आतां आमच्या ९०० यंत्रांचा हिशेब. यंत्र दिवसास शंभर टन ऊंस तोडतें असें धरलें, तर तें पन्नास कोयत्यांचें काम करतें. नऊशें यंत्रें पंचेचाळीस हजार कोयत्यांचें, म्हणजे नव्वद हजार माणसांचें काम करतील. प्रत्येक यंत्रास ३५ लाख धरले तर सरकारी तिजोरींतून ३१५ कोटि रुपये लागतात. पंचेचाळीस हजारांनीं भागा. एका कोयत्यामागें सत्तर हजार रुपये आले. ज्या रकमेसाठीं नवराबायको सहा महिने स्वतःस बांधून घेतात, तेवढी रक्कम सरकार त्यांस कामावरून काढण्यास यंत्रमालकास फुकट देणार! हीच रक्कम कोयत्याला बिनव्याजी कर्ज म्हणून दिली असती तर मुकादमाच्या दारांत कोण गेलें असतें? हा आमचा शाळामास्तरी भागाकार आहे. कोणा पंडितास त्यांत चूक सांपडली तर त्यानें अवश्य कळवावें, आम्ही छापूं.

ऊंसवाल्या शेतकऱ्याची बाजूही आम्ही दडवीत नाहीं, तोही आमचा वाचक आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच बिलांतून कापला जातो, म्हणून तोडकऱ्याची दरवाढ त्यास आपल्या खिशांतून गेल्यासारखी वाटते. ऊंस वाळूं लागला, टोळी येत नाहीं, आली तर वर ‘खुशाली’ मागते; कोणी ट्रॅक्टर घेऊन मुकादमास लाखों रुपये उचल द्यावी तर तोच पळून जातो, आणि कर्ज ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यावर. हे खोटे कांगावे नाहींत. यंत्रानें यांतून सुटूं असें त्यास वाटणें साहजिक आहे. पण ज्याचा ऊंस वीस-तीस गुंठ्यांचा, त्याच्या बांधांत तें धूड वळणार कोठें? त्यास चार-पांच फुटांची रुंद सरी लागते, लांब तास लागतो, कोरडी जमीन लागते. आणि तोडलेल्या उंसांत पाचट गेलें म्हणून वजनांत वजावट धरतात ती वेगळीच. यंत्र आधीं मोठ्या शेताकडे जाईल. टोळ्या कमी झाल्यावर लहान शेतकऱ्याचा ऊंस तोडावयास कोण येणार, याचा त्यानें आजच विचार करावा. टोमॅटोचे चार हजार सहाशेंवर कसे आले तें वर लिहिलेंच आहे.

म्हणून आमचें म्हणणें असें, कीं तोडकरी व लहान ऊंसवाला यांनीं एकमेकांशीं भांडणें सोडून सरकारशीं व कारखान्याशीं एका तोंडानें बोलावें. ज्या ठरावानें यंत्रास ३५ लाख मिळतात त्याच ठरावांत अट असावी कीं यंत्र चालविण्याचें व दुरुस्तीचें काम तोडकऱ्यांच्या मुलांस शिकवून त्यांसच द्यावें, आणि दहावीस कोयत्यांनीं मिळून सोसायटी केली तर अनुदानाचा पहिला हक्क तिचा. आमच्या सुतार-लोहारांच्या पोरांनीं इंजिनें उघडून जोडलेलीं आम्ही पाहिलीं आहेत. हें यंत्र कांहीं आकाशांतून पडलेलें नाहीं. उचल असेल तोंवर ती कागदावर, बँकेंतून, नवरा व बायको या दोघांच्या नांवें अर्धी-अर्धी यावी, व मजुरीही तशीच. मुकादमानें त्यास नाक मुरडलें तर त्यावरूनच समजावें कीं अट चांगली आहे.

पैसा नाहीं ही सबब चालणार नाहीं. गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें ऊंसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालें आहे. त्यासाठीं गाळपाच्या प्रत्येक टनामागें कारखान्यांनीं दहा रुपये व सरकारनें तितकेच द्यावे असें ठरलें. टनाचा हिशेब करोडोंनीं होतो, तेव्हां ही रक्कम लहान नाहीं. मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवाचीं वसतिगृहें, ४१ तालुक्यांत ८२, मुलांचें एक व मुलींचें एक, अशी योजना २०२१ सालीं जाहीर झाली. आमच्याकडे आलेल्या त्या बापाच्या प्रश्नाचें उत्तर हेंच होतें, फक्त तें त्याच्या मुलीच्या वेळेस नव्हतें. आतां योजना आहे तर ट्रक निघण्याच्या आधीं दार उघडें पाहिजे, अंथरूण-पांघरूण आलेलें पाहिजे, आणि मुलींच्या वसतिगृहांत रात्रीं राहणारी बाई नेमलेली पाहिजे. ट्रक दिवाळींत जातो आणि मंजुरी माघांत येते, अशा वसतिगृहाचा उपयोग काय?

पालकांसही दोन शब्द. वसतिगृहांत मुलगी ठेवण्यास लोक नांवें ठेवतात, म्हणून कित्येक आया भितात. मायबाईंनो, कोपींत ती रात्रीं अधिक सुरक्षित असते काय, हें तुम्हीच आपल्या मनास विचारा. एकटी-दुकटी ठेवूं नका. एका वाडीच्या पांच-सहा मुली मिळून ठेवा, आळीपाळीनें एखादी म्हातारी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं जाऊन पाहून येईल.

ज्यांस सरकारनें ग्रामपंचायत अधिकारी असें नवें नांव दिलें आणि ज्यांस आपण अद्याप ग्रामसेवकच म्हणतों, त्यांच्याकडे ऊंसतोड कामगार म्हणून नोंद करून ओळखपत्र घ्यावयाचें असतें. तें पत्र नसेल तर महामंडळाच्या योजना दारावरून परत जातात. पुरुषांनीं आपलें एकट्याचें नांव लिहून येऊं नये. बायकोची नोंद वेगळी करावी व तिचें पत्र तिच्याजवळ द्यावें. हें काम पोळ्याच्या आंत उरकावें, कारण त्यानंतर मुकादम गांवांत हिंडूं लागतो आणि मग कोणास सवड राहत नाहीं. वसतिगृहासाठीं मुलांच्या नांवांची यादी शाळेंतून जाते. ज्या गांवच्या गुरुजींनीं ती अजून केली नसेल त्यांस गांवकऱ्यांनीं जाऊन आठवण द्यावी. गुरुजींस राग आला तर आमचें नांव सांगावें. आमच्या शाळेची यादी आम्ही गेल्या आठवड्यांत तालुक्यास पाठविली. तींत मुलांपेक्षां मुलींचीं नांवें जास्त आहेत.